हाडाने धरलेला दांडा

धातूचा एक दांडा. लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, वर रुंद, खाली निमुळता, वरच्या टोकाला तिरकी मान. टायटॅनियमचा असल्यामुळे दिसतो त्यापेक्षा हलका लागतो. अंगावरून बोट फिरवलं तर वरचा भाग खरखरीत, खालचा गुळगुळीत. मांडीच्या हाडाच्या पोकळीत हा ठोकून बसवतात, त्याच्या मानेवर गोळा चढवतात, कमरेच्या हाडात वाटी बसवतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी माणूस वॉकर धरून उभा राहतो. डॉक्टर याला ‘स्टेम’ म्हणतात. घरी परतल्यावर शेजारीपाजारी म्हणतात, ‘बॉल बदलला.’ नाव बॉलचं होतं, दांड्याची कुणी चौकशीही करत नाही. खरं नवल मात्र त्या दांड्यातच आहे.

आणि ते नवल नीट कळायचं असेल तर गोंदिया जिल्ह्याकडे पाहावं. एरवी खुबा बदलायची वेळ येते ती साठी-सत्तरीत, सांधा झिजल्यावर. पूर्व विदर्भात, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात, विशी-पंचविशीतलं पोरगं लंगडत ओपीडीत येतं आणि एक्स-रेत त्याच्या खुब्याचा गोळा वरून चेपलेला दिसतो. दोष सांध्याचा नसतो, रक्ताचा असतो. त्याला ‘सिकल’ असतो. सत्तरीत बसवलेला दांडा माणसाला जन्मभर पुरण्याची शक्यता बरीच असते. पंचविशीत बसवलेल्याला अजून पन्नास वर्षं चालायचं असतं, तेही सपाट फरशीवरून नव्हे, धानाच्या बांध्यांमधून. एवढी कठीण परीक्षा या दांड्याची दुसरीकडे क्वचितच होत असेल.

सिकलसेलची कथा तशी एका अक्षराची. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. एवढ्या बदलाने, प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात आणि गोल, लवचीक पेशी वाकडी, ताठर होते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिल्यांदा वर्णन केलं. भारतात त्या १९५२ मध्ये सापडल्या, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारताची नोंद केली. इतका घातक बदल हजारो वर्षं टिकलाच कसा, याचं उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत शोधलं. हा जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर मूल आजारी पडत नाही, उलट जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी वाचतं. दोघांकडून आला तर आजार. आपल्याकडेही, गोंदियातल्या नवेगावबांधच्या तलावांपासून देवरी-सालेकसाच्या जंगलापर्यंत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या मुलं नेली, आणि ज्यांच्या रक्तात ही एक प्रत होती ती मागे राहिली. खापरपणजीला डासापासून ज्याने तारलं, त्याचीच किंमत आजचा पोरगा खुब्यात मोजतो आहे.

पण खुब्यातच का? मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत खोल बसलेला असतो आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या, त्याही हाडाच्या मानेला वळसा घालून येणाऱ्या. गोळ्याच्या वरच्या टोकाशी, जिथे भार सर्वांत जास्त, तिथे त्यांच्या अगदी बारीक शाखा पोचतात आणि त्या तुंबल्या तर पर्यायी वाट जवळजवळ नाही. ताठर पेशी तिथे अडकतात. त्यापुढचं हाड मरतं. गंमत म्हणजे मेलेलं हाड लगेच मोडत नाही, काही महिने तसंच उभं राहतं. पण शरीर दुरुस्तीला लागतं, मेलेलं खरवडून काढतं, नवं तितक्या वेगाने भरत नाही आणि एके दिवशी कूर्चेखालचा पातळ थर खचतो. एक्स-रेत तिथे काळी बारीक चंद्रकोर दिसते. ती दिसली की गोळा वाचवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. डॉक्टर या सगळ्याला तीन अक्षरांत उरकतात: एव्हीएन.

हे विरळा नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सिकलच्या २,५९० रुग्णांचे खुबे तपासले, तेव्हा जवळपास दहा टक्क्यांत गोळ्याचं हाड मेलेलं निघालं. त्यातली एक गोष्ट वाचून मी चकित झालो. ज्यांना सिकलसोबत अल्फा थॅलेसेमियाही होता, त्यांचा रक्तक्षय सौम्य असतो, म्हणजे रक्त जास्त. तरी त्यांचे खुबे जास्त जात होते. रक्त वाढलं की ते दाटही होतं, आणि दाट रक्त बारीक वाहिन्यांत अडकतं. आपल्याकडच्या सिकलमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार आफ्रिकी वंशाच्या अनेक रुग्णांपेक्षा काहीसा सौम्य मानला जातो. खुब्याला मात्र या सौम्यपणाचा भरवसा नाही.

आता दांड्याकडे येऊ. त्याच्यावर किती भार पडतो हे नुसतं गणिताने नव्हे, प्रत्यक्ष मोजलेलं आहे. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमन यांच्या चमूने दांड्याच्या आतच मापक बसवून काही रुग्णांच्या शरीरात तो घातला आणि रेडिओवरून आकडे घेतले. साध्या चालीत खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो. ठेच लागून तोल गेला तर आठपटींच्याही पुढे. ५० किलोच्या माणसाच्या खुब्यावर क्षणभर ४०० किलो. आणि चालताफिरता माणूस एका पायाने वर्षाला दहा लाखांच्या घरात पावलं टाकतो. एवढं सगळं एका पोकळ हाडात खोचलेल्या धातूने सोसायचं, न हलता.

‘न हलता’ हीच खरी मेख. बर्लिनच्याच थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९०-९१ च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे करून पाहिले होते. अमेरिकेत ऑस्टिन मूर यांनी १९४० मध्ये हॅरॉल्ड बोलमन यांच्यासोबत धातूचा सांधा बसवला आणि पुढे दांड्याला आरपार खिडक्या ठेवल्या, हाड त्यांतून वाढून दांड्याला धरेल या आशेने. खुब्यात हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना ‘ऑस्टिन मूर’ अजूनही आपल्याकडे बसवतात. मग इंग्लंडच्या रायटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली आले. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती भराभर झिजली, तिचा चुरा आसपासच्या मांसात साठला. हा चुरा काय करतो ते पाहायला या गृहस्थाने टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत टोचून घेतलं. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी दाट पॉलिइथिलीनची वाटी लहान, २२ मिलिमीटरच्या गोळ्यासोबत वापरायला सुरुवात केली. दांडा बसवायला दातांच्या डॉक्टरांकडून अ‍ॅक्रिलिकचा सिमेंट उसना घेतला. आजचं खुबेरोपण तिथून सुरू होतं. भारतात ही विद्या रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचं नाव अग्रभागी घेतात.

या सिमेंटबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. तो चिकटवत नाही. तो गोंद नव्हेच, खाचाखोचा भरून घट्ट होणारा लगदा आहे. मग दांडा त्यात धरला कसा जातो? उत्तर एक्सेटर या इंग्रजी गावात अपघातानेच सापडलं. शल्यविशारद रॉबिन लिंग आणि अभियंता क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये आरशासारखा चकचकीत, निमुळता दांडा वापरला. १९७६ मध्ये तो खडबडीत केला. तर्क सरळ होता, खडबडीत वस्तू जास्त घट्ट धरते. झालं उलटं, खडबडीत दांडे जास्त सैल होऊ लागले. १९८६ मध्ये पुन्हा चकचकीत दांडा आणला आणि तो दशकानुदशकं टिकला. कारण शोधलं तेव्हा कळलं की चकचकीत दांडा सिमेंटमध्ये खाली सरकतो, मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि सरकतो तितका घट्ट होत जातो. कुऱ्हाडीत ठोकलेली पाचर जशी घाव बसेल तशी आवळत जाते, तसं प्रत्येक पाऊल त्याला आणखी घट्ट करतं. खडबडीत दांडा मात्र सरकता न आल्याने सिमेंटला घासत राहतो आणि त्याचाच भुगा पाडतो. धरून ठेवण्यासाठी घसरू द्यावं लागतं, हे कुठल्या पुस्तकातून आधी सुचलं नव्हतं.

तरुण रुग्णाला मात्र आज बहुधा बिनसिमेंटचा दांडा बसतो. त्याची कल्पना वेगळी, आणि माझ्या मते जास्त विलक्षण. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांच्या हाडात ठेवलेले टायटॅनियमचे भाग बाहेरच निघेनात. हाड त्यांना येऊन चिकटलं होतं. टायटॅनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो, आणि शरीर त्या थराला परकं मानत नाही. (या धातूचं खनिज, इल्मेनाइट, आपल्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. शरीरात जाणारा दांडा त्या वाळूतून येतो असा मात्र याचा अर्थ नाही.) म्हणून दांड्याचा वरचा भाग सच्छिद्र, खरखरीत ठेवतात. छिद्रं मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, म्हणजे हाडाच्या पेशींना आणि कोवळ्या रक्तवाहिन्यांना आत शिरता येईल एवढी. काहींवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट फवारतात, म्हणजे हाडातलंच खनिज. लंडनच्या रॉनल्ड फर्लाँग यांनी असा दांडा १९८५ मध्ये पहिल्यांदा बसवला. बसवल्यावर चार ते बारा आठवड्यांत हाड छिद्रांत वाढतं. पण एक अट आहे. या काळात दांडा हाडाच्या तुलनेत ४०-५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलता कामा नये. केसाची जाडीही साधारण त्याहून थोडी जास्त भरेल. हालचाल १५० मायक्रॉनच्या पुढे गेली की हाडाऐवजी मऊ तंतुमय पडदा तयार होतो, आणि तो पडदा दांड्याला कधीच नीट धरत नाही. म्हणजे दांडा हाडाला धरत नाही, हाडच दांड्याला धरतं. शल्यविशारदाचं काम एवढंच की हाडाला हे करता यावं म्हणून पहिले काही आठवडे दांडा निश्चल ठेवायचा.

तो निश्चल कसा बसवतात, हे ऑपरेशन थिएटरमध्ये कानाने ऐकण्यासारखं आहे. दांड्याच्याच आकाराची दातेरी कानस, तिला ब्रोच म्हणतात, हाडाच्या पोकळीत हातोडीने उतरवतात. लहान मापापासून सुरुवात, मग एकेक माप मोठं. पहिले ठोके बद्द येतात. माप जुळत येतं तसा ठोक्याचा आवाज बदलतो, वर चढतो, खणखणू लागतो. ब्रोच पुढे सरकायचा थांबला आणि सूर चढायचा थांबला की हात थांबवायचा. आणखी एक माप मोठं घ्यायचा मोह इथे फार महागात पडतो. खरा दांडा ब्रोचपेक्षा अंशभर मोठा असतो, तो हाडाला आतून ताणून बसतो आणि जास्त ताणलं तर हाड उभं चिरतं. इतक्या यंत्रांच्या काळात एवढा मोठा निर्णय अजून आवाजावरही ठरतो, हे मला फार आवडतं.

सिकलच्या हाडात हा आवाज फसवतो. रक्त सतत नासत असल्यामुळे हाडातली मज्जा जास्त काम करते, पोकळी रुंद होते, भिंत पातळ होते. उलट जिथे पूर्वी हाड मेलं होतं तिथे दगडासारख्या कठीण गाठी होतात. कधी कधी एक्स-रेत हाडाच्या आत हाड दिसतं. ब्रोच अशा गाठीला लागून वळतो आणि पातळ भिंतीतून बाहेर पडू शकतो. म्हणून आधी बारीक तार घालून वाट चाचपतात, ड्रिलने गाठ फोडतात, सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली पुन्हापुन्हा पाहतात. विदर्भातले बरेच रुग्ण अंगाने लहान, हाडंही अरुंद, त्यामुळे मोठ्या मापांचेच दांडे असून भागत नाही, सगळ्यांत लहान मापं हाताशी लागतात. थिएटरची थंडी इथे शत्रू असते. रुग्णाला ऊबदार ठेवायचं, पाणी आणि प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही, नाहीतर भूल उतरायच्या आत पेशी वाकड्या व्हायला लागतात. बऱ्याचदा आधीच रक्त चढवतात. शिवाय सिकलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती इतरांपेक्षा जास्त. जुन्या काळी अशा रुग्णांत सिमेंटचे दांडे लवकर सैल व्हायचे. अलीकडचे बिनसिमेंटचे दांडे त्या मानाने बरे टिकत आहेत.

टिकणं म्हणजे काय, यातही एक गंमत आहे. झुरिकमध्ये १८६६ च्या सुमारास शरीररचनेचे प्राध्यापक हेर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तो पाहून अभियंता कार्ल कुलमान चमकले. त्या हाडातल्या बारीक पट्ट्यांची जाळी त्यांच्या क्रेनच्या आराखड्यातल्या ताणाच्या रेषांसारखीच होती. पुढे १८९२ मध्ये ज्युलिअस वोल्फ यांनी नियम मांडला की हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भार पडेल तिथे दाट, न पडेल तिथे विरळ. आता त्यात दांडा आला. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडापेक्षा पाच-सहापट ताठ, कोबाल्ट-क्रोमियम दहापटींच्याही वर. ताठ दांडा भार स्वतःवर घेतो, वरच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नाही म्हटल्यावर हाड विरत जातं. सत्तरीच्या माणसाला हे चालून जातं. पंचविशीच्या माणसाचं वरचं हाड विरलं तर पुढचा दांडा कशात बसवणार? म्हणून त्याच्यासाठी आखूड, वरच्या भागातच भार टाकणारे दांडे करण्यामागे अभियंते लागले आहेत.

दुसरा शत्रू वाटीतून येतो. गोळा घासून पॉलिइथिलीनचे सूक्ष्म कण सुटतात, भक्षक पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि चिडून जे स्राव सोडतात त्यांनी दांड्याभोवतीचं हाड विरघळतं. आधी लोकांनी दोष सिमेंटला दिला, त्याला ‘सिमेंटचा रोग’ असं नावही पडलं. बिनसिमेंटच्या दांड्यांभोवतीही तेच दिसलं तेव्हा खरा गुन्हेगार प्लॅस्टिकची धूळ असल्याचं उमगलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या दाट जाळीच्या पॉलिइथिलीनने झीज खूप घटवली. धातूवर धातू घासून झीज टाळण्याचा प्रयत्नही झाला, आणि त्यातला एक सांधा, डीप्यू कंपनीचा एएसआर, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरत होतं. भारतातही हजारोंना तो बसलेला होता, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार दिली होती.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जुन्या नोंदी तपासून सांगितलं की खुबेरोपणांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. सत्तरीच्या आजोबांसाठी ही चांगलीच बातमी. पंचविशीच्या तरुणासाठी याचा अर्थ असा की पन्नाशीत दुसरी शस्त्रक्रिया गृहीत धरावी, आणि दुसरी नेहमी पहिलीपेक्षा कठीण. गोळा वाटीतून निसटू नये म्हणून डॉक्टर उकिडवं बसू नका म्हणतात, कमोड वापरा म्हणतात. गोंदियातल्या आमगाव-गोरेगावकडे रोवणीच्या दिवसांत सबंध दिवस कमरेतून वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला हा सल्ला पाळणं सोपं नाही, हे शहरातल्या सल्लागाराने ध्यानात घ्यायला हवं. आता गोळेही मोठे, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे मिळतात, ते वाटीतून सहजी निसटत नाहीत, एवढा दिलासा.

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेल्या गोंदिया जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. सिकलसेल २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत मोडतो, याची माहिती अनेक कुटुंबांना नसते. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांना २०१८ ची पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली होती. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून त्याप्रमाणे ठरवलं तर पुढच्या पिढीवर या दांड्याची वेळ येणं टळू शकतं.

ज्यांच्या घरी सिकलचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. जांघेत दुखणं, मांडी घालून बसताना पाय आखडणं, कधी कधी खुब्याऐवजी गुडघाच दुखणं, ही खुब्याची हाक असू शकते. अशा वेळी ‘सिकलचंच दुखणं’ म्हणून गोळी देऊन थांबू नका. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये मात्र मेलेलं हाड आधीच दिसतं. गोळा खचायच्या आत ते कळलं तर हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्यासारखे उपाय करता येतात आणि दांडा काही वेळा पुढे ढकलता येतो. दुखणं महिनाभर टिकलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि सिकल आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.